मोतीबागकरांचा मामा

मानवजात आणि परग्रहावरची प्रगत जीवसृष्टी यांची पहिली भेट हा विश्वाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्याजोगा क्षण होय, यात शंका नाही. हा क्षण दारव्ह्याला आला. यवतमाळची छोटी गाडी तिथल्या मोतीबाग स्टेशनातून धूर सोडत निघून गेली होती, फलाटावर सरकीची पोती पडली होती, आणि मानवजातीच्या वतीनं वामनराव किराणेवाले पुढे झाले. त्यांनी तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली आणि प्रगत जीवसृष्टीला विचारलं, "कोनाचे तुमी?"

प्रगत जीवसृष्टी गडबडली.

तयारीत तशी कसर नव्हती. श्वास घेणं, पापण्या लववणं, शिंक आली की नाकाशी हात नेणं, सगळं त्यानं पाठ केलेलं होतं. भाषा तर वरच्या वर आकाशवाणीच्या बातम्या ऐकून घोटली होती. पण 'कोणाचे' हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. त्याच्या ग्रहावर सगळे एकाच ओलसर कड्यातून शेवाळासारखे शेजारी शेजारी उगवत. कोणी कोणाचा नसे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसे.

"मी कोणाचाही नाही," तो बातम्यांच्या आवाजात म्हणाला. "आज सकाळी माझं येथे आगमन झालं."

"बरं. नाव तं असन?"

एक हमाल दुसऱ्याला हाका मारत होता, "गोविंदा! अबे गोविंदा!"

"गोविंदा."

"गोविंदा कोन?"

समोर स्टेशनची पाटी होती. "मोतीबागकर," तो म्हणाला.

वामनरावांनी पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हंजे इथलेच?"

"नाही."

"मंग तिकडेबी मोतीबाग आहे?"

"आहे."

वामनरावांनी पाहुण्याला खालून वर न्याहाळलं. कोणाचाच नाही म्हणतो, बोलणं छापल्यासारखं, उभा कसा तर घडी मोडलेली नसल्यासारखा, आणि सकाळच्या प्रहरी माणूस भेटूनही चहाचं नाव काढत नाही. त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"पुन्याचे का?"

महाराष्ट्र होऊन दीडेक वर्ष झालं होतं. त्याआधी वऱ्हाड नागपूरकडे तोंड करून बसलेलं होतं. आता ते एकाएकी मुंबई-पुण्याकडे वळवण्यात आलं होतं आणि तिकडून साहेबलोक बदलून येऊ लागले होते. ते काय खातात, काय बोलतात, कशानं रागावतात, याचा दारव्ह्याला अजून अंदाज लागला नव्हता. पुणं ही अशी जागा होती की जिथून काहीही येऊ शकत होतं. गोविंदानं हो म्हटलं नाही; पण नाहीही म्हटलं नाही. त्याच्या ग्रहावरच्या शास्त्रज्ञांना पिढ्यान् पिढ्या खपून जे साधलं नव्हतं ते पक्कं वेषांतर वामनरावांनी त्याला उभ्या उभ्या फुकट करून दिलं. वर स्वतःच्या घरामागची टिनाची खोलीही दिली. ती फुकट नव्हती.

त्यानंतर गोविंदाला कसलीच भीती उरली नाही. तो कांदा सालासकट खाई. "पुन्याकडे असंच खातेत," लोक म्हणत. पानठेल्यावर तो गप्प उभा राही आणि कोणाच्या घरचं काही विचारत नसे. पुन्याचा. वामनरावांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या दिला तेव्हा तो "मी आपला अत्यंत आभारी आहे" म्हणाला, आणि मैनाबाईंना वाटलं आपल्या हातून काही चुकलं. त्याचं शरीर घाईत बनवलेलं असल्यामुळे सावली जराशी मागाहून पडे. तो वळला की ती थोडं थांबून वळे. मैनाबाईंनी एकदा वाळवणाजवळ बसल्या बसल्या हे पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं.

"तिकडच्या लोकायचं काई सांगता येत नाई," वामनराव म्हणाले. "तू पापड पाह्य."

पोटापाण्यासाठी त्यानं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा काढला. यात त्याची सोय होती. वर मुख्यालयाशी बोलायचं तर आकाशाकडे तोंड केलेला कर्णा त्याला लागेच. खोलीच्या टिनावर त्यानं एक कर्णा कायमचा चढवून ठेवला होता. दुपारी तो त्यातून न ऐकू येणाऱ्या आवाजात मानवजातीबद्दलचं निरीक्षण वर पाठवी, आणि वेशीपर्यंतची कुत्री त्या वेळी एका सुरात रडत. बाकी काही त्रास नव्हता.

त्रास सुरू झाला तो बुद्धजयंतीला. जिनिंग फॅक्टरीतले फिटर डोमाजी यांनी लाउडस्पीकर सांगितला होता. डोमाजींनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, परत येऊन घरातले सगळे देव उचलून नदीला पोचवले होते आणि रिकाम्या झालेल्या कोनाड्यात मुलीची पुस्तकं ठेवली होती. ती मुलगी सत्यशीला आता प्राथमिक शाळेत मास्तरीण होती आणि भाषण तीच करणार होती. ती बोलायला उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि थांबली.

"अहो स्पीकरवाले, कर्णा वर काहून केला? आवाज सगळा वर चालला. माणसं खाली बसली आहेत."

मंडळी हसली. गोविंदानं सवयीनं वर झालेला कर्णा खाली केला. आणि पुढचं सगळं भाषण त्यानं, निरीक्षणासाठी पाठवलेल्या अधिकाऱ्याला न शोभेल इतक्या लक्षानं, ऐकलं. त्याच्या ग्रहावर भावना नव्हत्या. कंटाळा होता, पण तो सरकारी कामापुरता. हे जे छातीत डाव्या अंगाला चाललं होतं ते बनावटीतला दोष असावा असं समजून त्यानं आधी सोडा घेऊन पाहिला.

सोड्यानं काही झालं नाही. मग शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यानं भाडं न घेता लाउडस्पीकर दिला; पुढे झेंडावंदनाला दिला; आणि एकदा काहीच कार्यक्रम नसताना घेऊन गेला. तेव्हा सत्यशीला त्याला म्हणाली, "मोतीबागकर, रोज रोज एवढं लोखंड वाहून आणण्यापेक्षा घरी येऊन बाबांशी बोला."

"आपणास माझ्याविषयी एक गोष्ट माहीत नाही," गोविंदा म्हणाला. "मी ज्या ठिकाणाहून आलो आहे ते ठिकाण—"

"ते लग्न झाल्यावर सांगा," ती म्हणाली. "आत्ता सांगाल तर बाबांना सांगावं लागेल, आणि बाबा फार प्रश्न विचारतात."

हे बरं झालं, कारण नियम कडक होता. पृथ्वीवरच्या कोणीही, एकानं जरी, तो खरा कोण आहे हे ओळखलं, तर त्याच क्षणी त्याला परत बोलावलं जाणार होतं. शरीर भांडारात जमा, आणि तो पुन्हा ओल्या कड्यावर, शेजाऱ्यांच्या मध्ये, कायमचा. एक वर्षापूर्वी यात त्याला वावगं वाटलं नसतं. आता कड्याची नुसती आठवण झाली तरी त्याच्या अंगावर काटा येई. आणि काटा ही त्याच्या लेखी नवीच गोष्ट होती.

डोमाजींनी खरोखरच फार प्रश्न विचारले.

"दारू?"

"नाही."

"देव?"

"नाही."

"हुंडा?"

"तो काय असतो?"

डोमाजी बायकोकडे, तानाबाईंकडे, पाहून समाधानानं हसले. जात त्यांनी विचारली नाही. विचारायची नाही असं त्यांनी ठरवलेलंच होतं. "पोरगं बरं आहे," ते म्हणाले. "पन एक गोष्ट सांगतो, राग मानू नोका. तुमचं मानूस कोनी दिसत नाई. मागच्या साली नेरले एक असाच आला, एकटा. गोड बोलला, लग्न लावलं. मंग अकोल्याहून त्याची बायको दोन लेकरं घेऊन उतरली. तवा तुमचं एक मोठं मानूस आना. काका म्हना, मामा म्हना. त्याच्याशी बोलतो अन् मोकळा होतो. बिनमानसाच्या पोट्ट्याले पोरगी कशी द्यावी?"

गोविंदानं दुसऱ्या दिवशी दुपारी कर्णा चालू केला, कुत्री रडू लागली, आणि त्यानं मुख्यालयाकडे एक मामा मागितला.

मामा म्हणजे काय, असं वरून विचारण्यात आलं.

गोविंदानं विचार केला. आतापर्यंत पाहिलेले मामा नजरेसमोर आणले. "वयानं मोठा असतो," त्यानं कळवलं. "काम काही करत नाही, उशिरा येतो, आणि त्याच्या शब्दाला मान द्यावा लागतो."

असा आमच्याकडे आहे, असं उत्तर आलं. आम्ही त्याला निरीक्षक म्हणतो.

पण निरीक्षक येणार म्हणजे नुसता मामा होऊन बसणार नव्हता. मोतीबागकर अजून अज्ञात आहे की उघडा पडला आहे हे तो तपासणार, आणि तसूभर शंका आली तरी सोबत घेऊन जाणार.

शनिवारच्या गाडीतून निरीक्षक उतरला. भांडारातलं जे शरीर शिल्लक होतं ते त्याला दिलेलं दिसत होतं: आडवंतिडवं, पोट पुढं, आणि ओठांवर झुबकेदार मिश्या. वामनराव स्टेशनवर हजर होतेच. नाव विचारल्यावर त्यानं "देवराव" म्हणून सांगितलं. ते गोविंदानं आधीच पढवून ठेवलं होतं. बाकी काही पढवायला सवडच मिळाली नाही, कारण वामनरावांनी पाहुण्याला हाताला धरून सरळ आपल्या ओसरीवर नेलं.

वामनरावांना या सोयरिकीचा आधी धक्का बसला होता. "तुमी बामन ना?" ते गोविंदाला म्हणाले होते. "असं मी कधीच म्हणालो नाही," गोविंदा म्हणाला. "मंग कोन आहा?" यावर तो कर्णा पुसू लागला आणि वामनरावांनी चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पण पाचव्या दिवशी डोमाजी स्वतः येऊन "मुलाकडून तुमीच वडीलधारे, बैठकीले तुमी पाह्यजे" असं सांगून गेले. बैठकीत लोडाला टेकून बसायला मिळत असताना ते सोडणं वामनरावांच्या रक्तात नव्हतं.

ओसरीवर त्यांनी देवराव मामांना धर्म शिकवला.

"आता तुमी मुलाचे मामा. मामाचा मान पह्यला असते. बसायले मध्ये बसजा. चहा पह्यल्यांदा नाई म्हनजा."

"का?"

"पटकन घेतला तं भिकारी वाटते. अन् मुख्य गोष्ट सांगतो. मामाले टोपी-दुपट्टा लागते. उठायच्या आधी मुलीच्या बापानं तो द्यायचा. नाई देल्ला तं?"

"तर?"

"तं रुसायचं," वामनराव म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकले. या विषयातला त्यांचा अधिकार तालुक्यात मानला जाई. "जेवाले बसायचं नाई. मंडळीकडे पाठ करायची, तोंड भिंतीकडे. कोनी समजावाले आलं तं 'काई नाई, आमचं काय' एवढंच म्हनायचं. नेरच्या लग्नात पंगती उठल्या, मांडव सुटला, तरी मी उठलो नाई. शेवटी सासऱ्यानं टोपी डोक्यावर ठेवली तवा उठलो."

"टोपीची गरज होती?" निरीक्षकानं विचारलं.

"छ्या. मी टोपी घालतच नाई."

मानवजातीच्या चालीरीतींत निरीक्षकाला आजवर कशात संगती सापडली नव्हती. ही मात्र व्यवस्था होती: कारण, कृती, दिशा, बोलायचं वाक्य, आणि शेवट. "हे चांगलं आहे," तो म्हणाला. गोविंदा दाराआडून ऐकत होता. मैनाबाई त्याला म्हणाल्या, "तुमचे मामा साधे आहेत हो. ह्यांच्या नादी नोका लागू देऊ त्याइले."

रविवारी दुपारी डोमाजींच्या अंगणात लिंबाखाली सतरंजी पडली. ओसरीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांना ताजे हार. आतून पळसाच्या पानांत भाजलेल्या पानग्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा वास येत होता. देवराव मामा मधोमध बसले. चहा आला, त्यांनी नाही म्हटलं, पुन्हा आला, पुन्हा नाही म्हटलं, आणि मग एका घोटात कपबशीतला सगळा पिऊन बशीही चाटली. वामनरावांनी पसंतीची मान हलवली. त्यांचा स्वतःचा कप तसाच होता.

"वामनभाऊ, घ्या ना," तानाबाई म्हणाल्या.

"आज माहा उपास आहे."

"आयतवारचा?"

"नवा धरला."

"चहा चालते उपासाले," तानाबाई म्हणाल्या. "मागच्या मंगळवारीबी तुमचा उपासच होता, अन् त्याच्या आधीच्या बुधवारीबी. असे उपास केले तं रोड व्हाल हो भाऊ." वामनरावांनी लिंबाकडे पाहिलं. मैनाबाईंनी काही न बोलता नवऱ्याचा कप उचलला आणि स्वतः पिऊन टाकला.

डोमाजींनी गुडघ्यावर हात ठेवून सुरुवात केली. "मामाजी, पोट्टं तुमच्या नजरेत कसं आहे?"

"नजरेतच आहे," निरीक्षक म्हणाला. "त्यासाठीच आलो."

"घरदार?"

"ओलसर आहे."

"भाऊबंद किती?"

"मोजलेले नाहीत. सगळे यासारखेच."

"बाई!" तानाबाई म्हणाल्या. "मोठं खटलं दिसते."

"याची आधी बायको वगैरे?"

"आमच्याकडे ती पद्धत नाही."

डोमाजींच्या भुवया आक्रसल्या. हा माणूस उत्तरं देत होता, पण ती कुठं टेकत नव्हती. त्यांनी मुलीकडे पाहिलं. सत्यशीला दारात ताटं पुसत उभी होती. गोविंदानंही तिकडे पाहिलं. डोमाजींच्या मनात काय आलं आहे ते त्याला स्वच्छ दिसत होतं: हा मामा भाड्यानं आणलेला आहे. यवतमाळच्या बसस्टँडवर असली माणसं मिळतात असं लोक म्हणत. जेवण आणि रुपयाभर दिला की कोणाचेही मामा होतात, गोड बोलतात, ढेकर देतात आणि निघून जातात.

"बरं," डोमाजी सावकाश म्हणाले, "आमची रीत सांगून ठेवतो. हुंडा द्यायचा नाई, घ्यायचा नाई. बँड नाई, रुखवत नाई, मानपान नाई. वंदना होईन, हार घालतीन, खीर खाऊन घरी जायचं. चला, जेवाले बसा."

पाटांपुढे ताटं मांडली गेली. मंडळी बसली. देवराव मामा बसले नाहीत. त्यांनी डोमाजींच्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे, मग कोनाड्याकडे. टोपी कुठंच नव्हती. त्यांनी वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी डोळे मिटून मान किंचित खाली केली, जशी एखाद्या फलंदाजाला खूण करावी.

मामा अंगणाच्या टोकाला गेले आणि कुडाकडे तोंड करून, मंडळीकडे पाठ करून उभे राहिले.

"अगं माय," तानाबाई पुटपुटल्या. "मामाजी रुसले."

एका क्षणात घराला वेग आला. या प्रसंगाची सगळ्यांना सवय होती. तानाबाई पदर सावरत धावल्या. "काय झालं मामाजी? आमचं काई चुकलं?"

"काही नाही. आमचं काय," निरीक्षक कुडाला म्हणाला.

"असं काय बोलता! दोन घास खाऊन घ्या."

"काही नाही. आमचं काय."

मैनाबाईंनी समजावलं, शेजारचं कोणी समजावून गेलं. गोविंदाला निरीक्षकाचा चेहरा बाजूनं दिसत होता आणि जे दिसलं त्यानं तो हादरला. मिश्यांखाली सुख होतं. ज्या ग्रहावर कोणी कोणाचा नव्हता तिथल्या या म्हाताऱ्या अधिकाऱ्याच्या मागे उभं राहून चार माणसं त्याला जेव म्हणून विनवत होती, आणि असं त्याच्या आयुष्यात प्रथमच होत होतं. तो सहजासहजी वळणार नव्हता.

"कायले ताणता डोमाजी," वामनराव हळूच म्हणाले. "बाजारात टोपी मिळते. आठ आन्याची गोष्ट."

"गोष्ट आठ आन्याची नाई," डोमाजी म्हणाले. "तेहतीस कोटी देव सोडले आमी. मामाच्या टोपीले भेतो का आता? देनार नाई."

"मंग मामाबी वळनार नाई. मी शिकव— म्हंजे, मी पाह्यलं ना असं."

डोमाजींनी हात धुतले. "वाढा," ते म्हणाले. "पोरंबाळं उपाशी आहेत."

पंगत मामांशिवाय सुरू झाली. हे वामनरावांनी शिकवलेल्या क्रमात नव्हतं. समजावणारे उठून ताटावर गेले आणि कुडाशी एकट्या पडलेल्या निरीक्षकाला पुढचं वाक्य माहीत नव्हतं. त्याला आणखी एक नवी भावना झाली, आणि ती मघाच्याइतकी सुखाची नव्हती. तो गर्रकन वळला.

"ऐका!" तो गरजला. "हा तुमचा माणूस नाही. हा माणूसच नाही! मीसुद्धा नाही. आम्ही त्या आकाशापलीकडून आलो आहोत. याला मी आत्ताच्या आत्ता परत नेऊ शकतो. हा माझा भाचा नाही, कोणाचाच कोणी नाही!"

गोविंदाचा घास हातातच राहिला. संपलं, त्याच्या मनात आलं. त्यानं सत्यशीलाकडे पाहून घेतलं, शेवटचं म्हणून.

मैनाबाईंनी पानग्याचा तुकडा मोडला.

"अगदी हेच," त्या म्हणाल्या. "माह्या लग्नात ह्यांचे मामा मांडवाच्या बाहेर उभे राहून बोंबलले होते का हा आमचा पोरगाच नाई, रस्त्यावर सापडला."

"माह्या भावाच्या लग्नात तं मामानं विहिरीत पाय सोडले होते," तानाबाई म्हणाल्या. "मामाजी, पानगे थंडे होऊन राह्यले."

"मी खरं सांगतो आहे!" निरीक्षक ओरडला, आणि पुरावा म्हणून जमिनीपासून वर उचलला गेला. आधी वीतभर, मग हातभर, मग पार कुडाच्या वरपर्यंत. धोतराचा सोगा वाऱ्यावर हलू लागला.

कोणी पाहिलं नाही. रुसलेल्या माणसाकडे पाहायचं नसतं. पाहिलं की त्याचा जोर वाढतो, हे त्या अंगणातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. सगळ्यांनी नजरा ताटात घातल्या होत्या आणि वांग्याच्या भाजीबद्दल बोलत होते. वामनराव, ज्यांच्यापुढे ताटच नव्हतं, ते स्वतःच्या नखांकडे पाहत होते.

पाहिलं ते एकट्या सत्यशीलानं, कारण ती वाढत होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन कुडाशी आली, मान वर करून तिनं क्षणभर पाहिलं. शाळेच्या आवारात चिंचेचं झाड होतं आणि मधल्या सुट्टीत तिला रोजच असं मान वर करून बोलावं लागे.

"खाली उतरा बरं," ती म्हणाली. "पडलात म्हणजे लागेल. पाणी इथं ठेवते."

निरीक्षकानं वरून तिच्याकडे रोखून पाहिलं. "मुली, तू मला पाहिलंस. मी कोण आहे, सांग."

गोविंदानं डोळे मिटले.

"कोण म्हणजे?" सत्यशीला म्हणाली. "यांचे मामा."

निरीक्षक काही वेळ तसाच तरंगत राहिला. मग हळूहळू खाली आला, तांब्या उचलला आणि पाणी प्याला.

तिकडे डोमाजींनी दुसरा पानगा ताटात घेतला होता आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच मोकळा झाला होता. "मले शंका होती," ते गोविंदाच्या कानाशी म्हणाले, "का मामा भाड्यानं आनला. आता गेली. भाड्याचं मानूस गोड बोलून, जेवून चालू लागते. त्याले काय पडली आहे रुसायची? रुसते तो आपलाच असते." आणि मोठ्यानं म्हणाले, "ठरलं. लग्न वैशाखात."

मामा पाणी प्याले, पण जेवले नाहीत ते नाहीतच. संध्याकाळच्या गाडीला गोविंदा त्यांना सोडायला गेला. निरीक्षक खिडकीशी बसला, तोंड पलीकडच्या बाजूला करून.

"मला परत यावं लागेल का?" गोविंदानं विचारलं.

"कोणी ओळखलं?"

"नाही."

"मग नियमात बसत नाही." गाडीनं शिट्टी दिली. निरीक्षक अजून पलीकडेच पाहत होता. "पण लग्नाला मी येणार नाही. डोमाजी स्वतः बोलवायला आला तरी येणार नाही." गाडी हलली, चाकं चार वेळा फिरली, आणि मिश्यांचा तो चेहरा खिडकीतून बाहेर आला. "तो येईल का बोलवायला?"

डोमाजी खरंच आले. मुलीचा बाप म्हणून रीतसर आमंत्रण करायला ते गोविंदाच्या खोलीवर आले आणि मामांचा पत्ता मागितला. गोविंदानं त्यांना कर्ण्यापुढे बसवलं आणि पुण्याला असंच बोलतात म्हणून सांगितलं. डोमाजींनी घसा साफ केला आणि आकाशाकडे तोंड करून, कुत्र्यांच्या गलक्यात, मामाजींना लग्नाचं अगत्याचं बोलावणं केलं. टोपी मात्र मिळणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. उत्तर आलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी गोविंदानं स्वतः पुन्हा बोलावलं. तेव्हाही नाही.

लग्न लागलं. वंदना झाली, हार घातले, खीर वाटली. वामनरावांना उपास होता. रात्री पाहुणे गेल्यावर गोविंदानं ठरल्याप्रमाणे बायकोला तो कुठला ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, तिकडे शाळा आहे का म्हणून विचारलं, नाही म्हटल्यावर "मग काय उपयोग" म्हणाली आणि सकाळच्या वर्गाचे पेपर तपासायला घेतले. गोविंदा अंगणात येऊन आकाशाकडे पाहत बसला. आता ओळखलं गेलं होतं; कोणत्याही क्षणी बोलावणं येणार होतं. पहाटेपर्यंत आलं नाही. पावसाळ्यापर्यंत आलं नाही. दिवाळी झाली तरी आलं नाही.

मुख्यालयातलं पृथ्वीचं खातं चैत्रातच काटकसरीत बंद झालं होतं.